पंप घेतोय, तरी दम जात नाही

‘ताई, ह्या पंपात जोरच नाय. दुसरा द्या.’

कोपरखैरण्यात तीन टाकीजवळच्या ज्या मेडिकलमध्ये मी फार्मासिस्ट आहे, तिथे आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे ऐकायला मिळतं. पंप म्हणजे दम लागणाऱ्यांनी तोंडात धरून ओढायचा इनहेलर. माझं उत्तर ठरलेलं असायचं: ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलून देता येत नाही, काका.’ काका पुटपुटत निघायचे आणि मी पुढच्या चिठ्ठीला हात घालायचे. गेल्या पावसाळ्यात हेच वाक्य माझ्या वडिलांच्या तोंडून आलं आणि माझी पंचाईत झाली. त्यांना पुटपुटत पाठवणार कुठे?

अण्णा बहात्तर वर्षांचे आहेत. पाटण तालुक्यातल्या गावातून आले आणि वाशीच्या मसाला मार्केटात माथाडी म्हणून पोती उचलण्यात हयात गेली. मिरची, धने, हळद, मिरी. मिरचीचं पोतं पाठीवरून टाकलं की उडणारा धुरळा आणि दोन खेपांच्या मधे एक बिडी, असा तो हिशेब. बिडी सुटून आता नऊ वर्षं झाली. पण तोवर छातीच्या डॉक्टरांनी फुंकायची टेस्ट करून सीओपीडी लिहून दिलं होतं. श्वासनळ्या आक्रसलेल्या आणि फुप्फुसाचे फुगे सैलावलेले, म्हणून आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. हा आजार मुळापासून जात नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्याला औषधाने आवरून धरायचं, एवढंच हातात असतं.

अण्णांचं ते आवरलं जात नव्हतं. जून ते सप्टेंबरात चार वेळा एकच चक्र झालं. पावसाची झड लागायची, दोन दिवस खोकला वाढायचा, तिसऱ्या रात्री अण्णा पलंगावर बसून गुडघ्यांवर हात टेकून श्वास ओढत असायचे. मग रिक्षा, कॅज्युअल्टी, मशीनची वाफ, पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या. आठवडाभर बरं वाटायचं, की पंधराव्या-विसाव्या दिवशी पुन्हा तेच. दर खेपेला कोणीतरी विचारायचं, ‘पंप वेळेवर घेता ना?’ आणि अण्णा म्हणायचे, ‘व्हय, घेतो की.’ ते खोटं बोलत नव्हते. पण ‘घेऊन दाखवा’ असं त्यांना एकदाही कोणी म्हटलं नव्हतं, आणि त्यात मीही आले. ज्या बाईने हजारो पंप विकले तिने आपल्या बापाला पंप मारताना धड पाहिलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

चौथ्या फेरीनंतर मी ठरवलं की औषध वाढवून मागण्याआधी एकदा नीट माग काढायचा. ज्या क्रमाने सापडलं त्याच क्रमाने लिहिते. तुमच्या घरी कदाचित तिसरं कारण पहिलं निघेल.

फोनवर काढलेला व्हिडिओ

अण्णांकडे तीन गोष्टी होत्या. सकाळी टायोट्रोपियमची एक कॅप्सूल, जी यंत्रात फोडून पावडर ओढायची असते. सकाळ-संध्याकाळ फॉर्मोटेरॉल आणि ब्युडेसोनाइड एकत्र असलेल्या पंपाचे दोन-दोन फवारे. आणि अचानक दम लागला तर लेव्होसाल्ब्युटामॉलचा पंप. मी म्हटलं, ‘अण्णा, रोज घेता तसंच घ्या, मी फक्त फोन धरते.’

पहिल्यांदा पाहताना सगळं ठीक वाटलं. मग फोनवर वेग कमी करून पाहिलं. अण्णांनी पंप तोंडात धरला, बोटाने दाबला, आणि ओठांच्या कडेने पांढरा धूर बाहेर आला. त्यानंतर त्यांनी श्वास ओढला. मधे जेमतेम अर्धा सेकंद गेला असेल, पण फवारा तोवर जिभेवर आणि टाळूवर बसून मोकळा झाला होता. दुसरा फवारा लागलीच, न हलवता. मग ‘झालं’ म्हणून टोपण.

हा धूर ओळखायला शिका. पंप दाबल्यावर तोंडातून किंवा नाकातून पांढरं काही बाहेर येताना दिसलं, तर ते औषधच आहे. अगदी नीट घेतलं तरी अशा पंपातल्या औषधाचा साधारण दहा ते वीस टक्केच वाटा फुप्फुसात पोचतो, बाकीचा घशात राहतो. चुकीच्या क्षणी दाबलं तर तेवढंही हाती लागत नाही.

दाबणं आणि ओढणं यांची सांगड घालायची, ही ह्या यंत्राची जन्मापासूनची अट आहे. अमेरिकेत रायकर नावाच्या कंपनीने १९५६ साली असा पहिला पंप बाजारात आणला. कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का नसतं, असं विचारलं होतं. पोरीचा प्रश्न बिनतोड होता, फक्त केसांना श्वास घ्यायचा नसतो.

तर रीत अशी. पंप चार-पाच वेळा चांगला हलवायचा. मान सरळ ठेवून श्वास सावकाश पूर्ण बाहेर सोडायचा. ओठ घट्ट मिटायचे, जीभ आड येऊ द्यायची नाही. श्वास आत घ्यायला सुरुवात करायची आणि सुरुवात होताच दाबायचं. मग तोच श्वास हळूहळू, तीन-चार सेकंद ओढत राहायचा. नंतर तोंड मिटून दहापर्यंत आकडे. दुसरा फवारा अर्ध्या मिनिटाने, पुन्हा हलवून. अण्णांना दहा सेकंद जमत नव्हते, मग जमतील तेवढे. ते मनात ‘लाभ, दोन, तीन’ असे मोजतात, धान्य मापताना एकाला लाभ म्हणायच्या जुन्या सवयीने. सातपर्यंत पोचतात. चालतं.

पण खरं सांगायचं तर आठ दिवस शिकवूनही त्यांची सांगड नीट बसेना. पोत्याची आकडी धरून धरून उजव्या हाताचं पहिलं बोट वाकडं झालंय, त्यात दाबायला जोर येत नाही. दोन्ही हातांनी दाबायला लावलं तर पंप तोंडातून तिरका व्हायचा. मग स्पेसर आणला. प्लास्टिकचा तो नळा, एका टोकाला पंप, दुसरं टोक तोंडात. दाबलेला फवारा नळ्यात थांबतो, त्याचा वेग मरतो, आणि माणूस सावकाश ओढू शकतो. सांगडीचा प्रश्नच बराचसा मिटला. एका वेळी एकच फवारा नळ्यात सोडायचा, दाबल्याबरोबर ओढायला लागायचं, एक मोठा श्वास जमत नसेल तर चार-पाच साधे श्वास. अण्णांनी पहिल्या दिवशी वेळ वाचवायला दोन्ही फवारे एकदम भरले होते. तसं केलं की थेंब एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात.

स्पेसरबद्दल लोकांची एक लाज असते. ‘ते लहान पोरांचं असतं’ हे मी काउंटरवर इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. हातपाय धडधाकट असलेल्या चाळिशीतल्या माणसालाही मी तो घ्यायला सांगते.

आणि त्याची धुणी. आईने स्पेसर घासून धुतला, मऊ फडक्याने लखलखीत पुसला आणि ठेवला. दुसऱ्या दिवशी औषध कमी लागल्यासारखं झालं. कोरड्या फडक्याने प्लास्टिक घासलं की त्यावर स्थिर वीज साठते, ती औषधाचे कण ओढून धरते. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकायचे, त्यात बुडवून काढायचा आणि तसाच निथळत उभा ठेवायचा. पुसायचा नाही. दोन आठवड्यांतून एकदा धुतला तरी पुरतो.

‘पावडर घशातच बसते’

पंप सुधारला आणि मला वाटलं, झालं. मग कॅप्सूलचा व्हिडिओ काढला, त्यात वेगळीच गंमत. जो हळू श्वास मी पंपासाठी घोकून घेतला होता, तोच अण्णांनी इथे वापरला.

पावडरीच्या यंत्रात ढकलणारा वायू नसतो. पावडर हलवायची ताकद माणसाच्या श्वासातून यावी लागते. म्हणून पंपाला हळू आणि लांब, पावडरीला जोरात आणि खोल. दोन्ही प्रकार एकाच माणसाकडे असले की हमखास अदलाबदल होते. मी त्यावर उपाय म्हणून दोन्हींवर पांढरी चिकटपट्टी लावून जाड पेनाने लिहिलंय: पंपावर ‘हळू’, कॅप्सूलच्या यंत्रावर ‘जोरात’. मार्केटात मालाच्या पोत्यावर खूण असते तशी, असं अण्णा म्हणाले, आणि तेव्हापासून चूक झाली नाही. ज्यांना जोरात ओढताच येत नाही, विशेषतः आजार बराच पुढे गेलेल्यांना, त्यांच्यासाठी पावडर बरोबर आहे का, हे डॉक्टरांना विचारायला हवं. यंत्र बदलून मिळतं, औषधाचं घराणं तेच ठेवून.

दुसरी चूक फुंकरीची. यंत्र तोंडाला लावून आधी त्यातच श्वास सोडायचे. बाहेर पडणारा श्वास दमट असतो, तो पावडरीत शिरला की गुठळी होते. श्वास सोडायचा तो तोंड बाजूला करून. ओढताना कॅप्सूलची खडखड ऐकू आली पाहिजे. ओढून झाल्यावर यंत्र उघडून बघायचं, पावडर उरली असेल तर परत ओढायची.

पण अण्णांच्या यंत्रात खडखडच नव्हती. कॅप्सूल फिरवून फोडायला गेलं की ती दबायची, दुभंगायची नाही. मी बाटली मागितली. बाटली रिकामी. ‘कॅप्सूल कुठायत?’ अण्णांनी बंडीच्या खिशातून तंबाखूची जुनी पितळी डबी काढली. चुन्याच्या कप्प्यासकट. ‘बाटली खिशात मावत न्हाय, आन् खुळखुळ वाजती. लोकं बघत्यात.’ बिडी सुटली तशी तंबाखूही सुटलेली, डबी मात्र सुटली नव्हती.

डबी उघडली तर दहा-बारा कॅप्सूल एकमेकींना चिकटलेल्या, दाबल्या तर रबरासारख्या. नवी मुंबईच्या जुलै-ऑगस्टमध्ये मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, तिथे जिलेटिनच्या टोपणाची काय कथा. बाटलीत ओलावा शोषणारी छोटी पुडी किंवा झाकणात तशी सोय असते, ती डबीत कुठली? झड लागली की दम, झड लागली की दम, असं जे आम्ही हवेच्या माथी मारत होतो त्यातला काही भाग ह्या डबीचाही होता.

तेव्हा कॅप्सूल कंपनीच्या बाटलीतच किंवा पाकिटातच ठेवा. घ्यायच्या क्षणी एक काढा, कोरड्या हाताने, आणि झाकण लगेच लावा. मोरी, फ्रिज, गॅसशेजारचं फडताळ ह्या तिन्ही जागा वाईट. यंत्र धुतलं तर रात्रभर पूर्ण वाळल्याशिवाय त्यात कॅप्सूल घालू नका.

आणि हो, ती कॅप्सूल गिळायची नसते. हसू नका. माझ्याकडे येणाऱ्या एक मावशी महिनाभर चहाबरोबर गिळत होत्या आणि यंत्र नातवाला खेळायला दिलं होतं. त्यांचं काय चुकलं? बाटलीवर कॅप्सूल लिहिलेलं होतं आणि आयुष्यभर त्यांनी कॅप्सूल गिळलीच होती. सांगायचं काम माझं होतं.

पंपात औषध आहे, की नुसता वायू

ह्या पंपांतला एक मोठा घोटाळा असा की औषध संपल्यावरही ते फुसफुसत राहतात. आत औषधाबरोबर ढकलणारा वायू असतो, तो थोडा जास्त भरलेला असतो. मोजलेले फवारे संपले की नंतरच्या फवाऱ्यांत औषध किती येईल याचा भरवसा नाही, पण आवाज आणि गारवा तसाच. लोक पंप कानाजवळ हलवून बघतात, काहीतरी हलतं म्हणून अजून आहे म्हणतात. काहीजण धातूचं नळकांडं बादलीत टाकून तरंगतंय का पाहतात. ती युक्ती भरवशाची नाही, आणि पाणी तोंडाशी शिरून भोक बंद होतं ते वेगळंच.

मोजणं हाच उपाय. पाकिटावर फवाऱ्यांचा आकडा असतो. अण्णांच्या रोजच्या पंपावर १२० होता, सकाळी दोन आणि रात्री दोन म्हणजे दिवसाला चार, तीस दिवसांत संपला पाहिजे. सुरू केला त्या दिवशी नळकांड्यावर तारीख आणि संपायची तारीख मार्कर पेनने लिहायची. माझ्या हिशेबात त्यांनी मागचा पंप सात आठवडे चालवला होता. म्हणजे एकतर रिकामा ओढत होते, किंवा रोज घेत नव्हते. दोन्ही निघालं. काही पंपांवर आता उलटा आकडा दाखवणारी खिडकी येते, मिळाला तर तो घ्यावा.

नवा पंप किंवा आठवडाभर पडून राहिलेला पंप आधी हवेत दोनदा मारून मग वापरायचा. प्लास्टिकचा खोका आठवड्यातून एकदा, नळकांडं काढून, कोमट वाहत्या पाण्याखाली धरायचा आणि वाळवायचा. नळकांडं कधीच धुवायचं नाही. टोपण न लावता पंप खिशात टाकला तर सुटे पैसे, बडीशेप काहीही आत शिरतं आणि पुढच्या श्वासाबरोबर घशात येतं. तोंडात धरण्याआधी एकदा आत डोकवा.

बंद का केला होता

रोज घेत नव्हते, हे कळलं तेव्हा मी भडकले. अण्णा गप्प. दोन दिवसांनी आईने सांगितलं, ‘आगं, त्यांचं तोंड आलंय. भाकरी गोड लागंना.’ टॉर्च लावून पाहिलं. जिभेवर आणि गालाच्या आतून दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके.

ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड. तोंडात राहिलेला थर धुतला नाही तर तिथे बुरशी धरते, आवाज बसतो. पंप घेतल्यावर चूळ भरायची, गुळणी करायची आणि पाणी थुंकून टाकायचं, गिळायचं नाही. एवढं केलं असतं तर तोंड बहुधा आलं नसतं. अण्णांनी आपल्या परीने कारण शोधलं होतं: पंपाने तोंड येतं, तर पंप चार दिवस बंद. बरं वाटलं की सुरू, जळजळलं की बंद. त्यात कट्ट्यावरच्या मित्राने ‘पंपाची सवय लागती, फुप्फुस आळशी हुतंय’ असं ज्ञान दिलेलं. डॉक्टरांनी तोंडात लावायचं औषध दिलं, आठवड्यात ठिपके गेले. स्पेसरनेही फरक पडतो, कारण तोंडात बसणारा मोठा थेंब नळ्यातच राहतो.

सवय लागण्याबद्दल एवढंच. चष्म्याची सवय लागते तेवढीच पंपाची लागते. काढला की अंधुक दिसतं, याचा दोष चष्म्याला देत नाही कोणी. आणि स्टेरॉइडच्या नावाने घाबरणाऱ्यांना मी आकडा दाखवते: अण्णांच्या पंपातून दिवसाला ८०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमहून कमी, तेही बरंचसं छातीपुरतं. पंप सोडून कॅज्युअल्टीत गेल्यावर प्रेडनिसोलोन ह्या स्टेरॉइडच्या गोळ्या पोटातून मिळाल्या त्या रोज ४० मिलिग्रॅम, पाच दिवस. दोन औषधांची ताकद सारखी मोजत नाहीत, तरी अंदाज येतो. सीओपीडीत श्वासाने घ्यायच्या स्टेरॉइडने न्यूमोनियाची शक्यता थोडी वाढते हेही खरंय. म्हणून ताप आणि पिवळा-हिरवा कफ आला तर ‘होईल बरं’ म्हणून बसायचं नाही. पण बंद करायचा तो डॉक्टरांनी.

खरी मेख इथे होती. रोजचा पंप तोंड जाळतो आणि लगेच काही जाणवत नाही. दम लागल्यावरचा पंप मात्र पाच-दहा मिनिटांत मोकळं करतो. साहजिकच अण्णा दुसऱ्याच्या प्रेमात. दिवसाला दहा-बारा फवारे. हात थरथरायचे, छाती धडधडायची, आणि श्वासनळ्यांची सूज आतल्या आत तशीच. आता कालनिर्णयवर रोजच्या चौकटीत ते स्वतः रेघा मारतात, तातडीच्या पंपाच्या प्रत्येक फवाऱ्याला एक. चार उभ्या, पाचवी आडवी, पोती मोजायची तीच पद्धत. रेघा वाढायला लागल्या की दोन-तीन दिवस आधीच कळतं की काहीतरी येतंय.

रीत बरोबर, तरी दम

समजा हे सगळं तपासलं आणि सगळं नीट आहे. मग बाकीच्या औषधांची पिशवी उलटी करा. घणसोलीचे एक निवृत्त मास्तर माझ्याकडे पंप घ्यायला यायचे, महिन्याला चार. पंप मारायची पद्धत बघितली, चोख. मग बिलं चाळताना दिसलं की काचबिंदूसाठी डोळ्यांत टिमोलॉलचे थेंब सुरू झालेत. टिमोलॉल बीटा-ब्लॉकर आहे, म्हणजे रक्तदाब-हृदयासाठीही देतात त्या गटातलं औषध. डोळ्यातून नाकात, नाकातून रक्तात जातं आणि दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळू शकतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना छातीचं माहीत नव्हतं, छातीच्या डॉक्टरांना डोळ्यांचं. चिठ्ठी देऊन परत पाठवलं, थेंब बदलले गेले. असे थेंब मनाने बंद करू नका, काचबिंदू दृष्टी नेतो. थरकापासाठी किंवा मायग्रेनसाठी दिलेली प्रोप्रॅनोलॉलची गोळी ह्याच घराण्यातली.

मग घरातली हवा. आमच्याकडे आईची मच्छर अगरबत्ती, संध्याकाळचा धूप आणि सुक्या मिरचीची फोडणी. अगरबत्ती बंद करून जाळी बसवली. फोडणीच्या वेळी अण्णांनी गॅलरीत जायचं, हे ठरलं. आमच्या भागात काही रात्री एमआयडीसीच्या बाजूने रसायनाचा वास येतो, तेव्हा खिडक्या लावून घेतो. आईचं स्वतःचंही ऐकायला हवं. गावी तीस वर्षं चुलीपुढे बसलेली बाई बिडी न ओढताही सीओपीडीत येऊ शकते, आणि तिचा खोकला घरात कोणी मोजत नाही. तिची फुंकायची टेस्ट मी गेल्या महिन्यात करून घेतली.

फ्लूची लस दरवर्षी, आणि न्यूमोनियाची लस डॉक्टर सांगतील तेव्हा. यावर वेगळं लिहायची गरज नाही.

मशीनबद्दल थोडं

वाफेचं मशीन जास्त ताकदीचं, असा समज घट्ट बसलाय. कॅज्युअल्टीत तेच लावतात म्हणून. स्पेसर लावून नीट घेतलेला पंप मशीनच्या तोडीस तोड काम करतो, फक्त मशीनला रीत लागत नाही, बसून श्वास घेतला की झालं. घरात असेल तर औषधाची कुपी डॉक्टरांनी सांगितल्यास सलाइनमध्येच मिसळा, नळाच्या किंवा पिण्याच्या पाण्यात नाही. वाटी आणि तोंडाचा भाग प्रत्येक वेळी धुऊन वाळवा, फिल्टर काळा पडला तर बदला. इप्राट्रोपियम (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) मास्कमधून घेताना वाफ डोळ्यांकडे जाऊ देऊ नका, काचबिंदूवाल्यांनी तर नाहीच.

घरी बसून तपासायची वेळ नसते तेव्हा

माणूस एक वाक्य सलग पूर्ण करू शकत नसेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, गुंगीत किंवा असंबद्ध बोलत असेल, किंवा तातडीच्या पंपाने आलेला आराम तासाभरातच जात असेल, तर व्हिडिओ वगैरे काही नको. १०८ ला फोन करा किंवा सरळ गाडी काढा. गाडी येईपर्यंत बसवून ठेवा, आडवं करू नका, आणि तातडीचा पंप स्पेसरमधून एकेक फवारा, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेपर्यंत. घरी ऑक्सिजन असला तर तो भीतीपोटी वाढवत नेऊ नका. सीओपीडीच्या रुग्णात जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जाऊ शकतो. म्हणून त्यांच्यात ऑक्सिजन मोजायच्या बोटावरच्या यंत्रात साधारण ८८ ते ९२ टक्के एवढंच लक्ष्य ठेवतात.

आमच्याकडे आता सहा महिने झाले. कॅज्युअल्टीची वारी एकदा झाली, जानेवारीत, सर्दीनंतर. कालनिर्णयवर दिवसाला दोन-तीन रेघा असतात, काही दिवस कोरे. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. पूर्वी अण्णा दोनदा थांबायचे, आता पहिल्या मजल्यावर एकदा थांबतात, आणि तिथल्या शेजाऱ्यांशी बोलायला थांबलो असं म्हणतात. चैत्रात गावच्या जत्रेला जाताना पंप इथेच विसरले, ते मी एसटी सुटायच्या आधी स्टँडवर नेऊन दिले. कॅप्सूलच्या यंत्रात आधी फुंकर घालायची सवय अजून पुरती गेलेली नाही, दहातून दोनदा घालतातच. काउंटरवर कोणी ‘जोर नाय’ म्हणालं की मी आता रिकामा डेमो पंप पुढे करते आणि म्हणते, काका, दाखवा बघू.